बॉयलरची गॅस लाइन: पाइपचा व्यास ठरवण्यापासून बर्नर पेटेपर्यंत

बर्नर लो फायरला (मंद आचेवर) मजेत चालतो आणि हाय फायरला (पूर्ण आचेवर) गेला की लॉकआउट होतो, म्हणजे आपोआप बंद पडतो. डिझेलवरून पीएनजीवर (पाइपने येणाऱ्या नैसर्गिक गॅसवर) आलेल्या कारखान्यांत ही तक्रार नेहमीची. गॅस कंपनीला फोन जातो, त्यांचा माणूस येतो, गेज दाखवतो: १०० मिलिबार, ठरल्याप्रमाणे. बर्नरवाला येतो, प्रेशर स्विच बदलून जातो. चार दिवसांनी पुन्हा तेच. दोघांचंही म्हणणं खरं असतं, कारण गेज बघितला जातो तो बर्नर बंद असताना. गॅस वाहतच नसेल तर अर्धा इंची नळीच्या टोकालाही १०० मिलिबारच दिसणार. लाइन पुरेशी आहे की नाही हे फक्त बर्नर पूर्ण आचेवर असताना, बर्नरच्या तोंडाशी कळतं. या लेखातलं सगळं गणित आणि सगळी तपासणी त्या एका आकड्यासाठी आहे.

एक सूचना आधीच. गॅस लाइन टाकणं हे गॅस कंपनीने मान्यता दिलेल्या कंत्राटदाराचं काम आहे, घरच्या फिटरचं नाही. हा लेख मालकासाठी, मेंटेनन्स इंजिनिअरसाठी आणि बॉयलर अटेंडंटसाठी आहे: कंत्राटदार काय करतोय ते समजावं, आणि चुकत असेल तिथे त्याला थांबवता यावं म्हणून.

हद्द कुठे बदलते

औद्योगिक ग्राहकाकडे गॅस कंपनी आपलं मीटर आणि रेग्युलेटर असलेलं युनिट बसवते, त्याला सगळे एमआरएस म्हणतात. त्याच्या आउटलेट व्हॉल्व्हपर्यंतची जबाबदारी कंपनीची, पुढचं सगळं तुमचं. शहरी गॅस वितरणाची सुरक्षा मानकं पीएनजीआरबी या नियामक मंडळाने २००८ मध्ये घालून दिली, आणि पुण्यात एमएनजीएल असो की मुंबईत महानगर गॅस, कंपन्या त्यांच्या आधारे आपली अटींची यादी देतात. ती यादी कोटेशन मागवण्याआधी हातात घ्या. बॉयलरचं इंधन किंवा बर्नर बदलत असाल तर बाष्पके संचालनालयाच्या कार्यालयातही आधीच विचारून घ्या. १९२३ च्या कायद्याची जागा आता २०२५ च्या बॉयलर कायद्याने घेतली आहे, तेव्हा जुन्या फायलीतल्या पत्रावर विसंबू नका.

एमआरएसच्या आउटलेटला किती दाब मिळणार आणि पूर्ण प्रवाहात तो किती उतरणार, हे कंपनीकडून लेखी घ्या. दुसरा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. रेग्युलेटर कितीही चांगला असला तरी प्रवाह वाढला की त्याचा दाब थोडा खाली येतोच.

गॅस किती लागणार

समजा, भोसरीच्या एमआयडीसीत एक लाँड्री आहे आणि तिचा बॉयलर ताशी ५०० किलो वाफेचा. हा ५०० चा आकडा बहुतेक वेळा '१०० अंशांच्या पाण्यापासून १०० अंशांची वाफ' या हिशेबाचा असतो, म्हणजे दर किलोला ५४० किलोकॅलरी. प्रत्यक्षात पाणी ३० अंशांचं आणि वाफ १० किलो दाबाची असेल तर दर किलोला ६३० च्या आसपास लागतात, आणि वाफ मिळते सव्वाचारशे किलो. बॉयलर विकत घेताना हे कोणी सांगत नाही. पण गॅसच्या गणिताला त्याने फरक पडत नाही, कारण बर्नरची ताकद तीच राहते.

५०० गुणिले ५४० म्हणजे २,७०,००० किलोकॅलरी. कार्यक्षमता ८८ टक्के धरली तर इंधनातून ताशी ३,०७,००० किलोकॅलरी हव्यात. पीएनजीचं निव्वळ उष्मांक मूल्य दर एससीएमला (प्रमाणित दाब-तापमानाच्या घनमीटरला) साधारण ८,५०० किलोकॅलरी धरा. भागाकार येतो ३६ एससीएम प्रतितास.

इथे एक खड्डा आहे. गॅसचं बिल ढोबळ उष्मांकावर असतं आणि तो आकडा निव्वळपेक्षा सुमारे ११ टक्क्यांनी मोठा, ९,४०० च्या घरात. बॉयलरच्या पत्रकावरची कार्यक्षमता मात्र बहुतेक वेळा निव्वळ उष्मांकावर काढलेली असते. बिलावरचा आकडा आणि पत्रकावरची कार्यक्षमता एकत्र वापरली की उत्तर दहा टक्क्यांनी कमी येतं, आणि लाइन तेवढी बारीक निघते. दोन्ही एकाच जातीचे घ्या.

उत्तर पडताळायला सोपा मार्ग आहे. एक लिटर डिझेलमध्येही निव्वळ साडेआठ हजार किलोकॅलरीच्या आसपास असतात, म्हणजे एक लिटर डिझेल आणि एक एससीएम पीएनजी जवळपास सारखे. तुमचा बॉयलर पूर्ण आचेवर ताशी ३५–३६ लिटर डिझेल पीत होता का, ते लॉगबुकात बघा. नसेल तर गणितात किंवा बॉयलरमध्ये काहीतरी बिघडलंय. शेवटी दहाएक टक्के जास्त धरून आपण लाइन ४० एससीएमची काढू.

दाब किती गमवायचा

एमआरएसवर १०० मिलिबार मिळतो. बर्नरवाल्याच्या कागदावर गॅस ट्रेनच्या (बर्नरआधीच्या व्हॉल्व्ह-फिल्टरच्या मालिकेच्या) तोंडाशी किमान ८० मिलिबार लागतो, असं धरू. मग हातात २० आहेत असं वाटतं, पण नाहीत. काही रेग्युलेटर खाणार, काही फिल्टर खाणार, आणि फिल्टर मळत गेला की त्याची भूक वाढत जाणार. म्हणून पाइपच्या वाट्याला १० मिलिबारच द्यायचे.

पाइपची लांबी टेपने मोजा, ड्रॉइंगवरून नको. आपल्या उदाहरणात ती ४२ मीटर आहे. वाटेत आठ एल्बो, एक टी आणि दोन बॉल व्हॉल्व्ह. एका एल्बोचा अडथळा सरळ पाइपच्या सुमारे ३० व्यासांइतका, टीमधून आडवं वळणाऱ्या गॅसला सुमारे ६० व्यास, पूर्ण बोअरच्या बॉल व्हॉल्व्हला जवळपास काहीच नाही. ५० मिलिमीटरच्या पाइपला एल्बो दीड मीटरचा पडतो, म्हणजे आठांचे १२ मीटर, टीचे ३. एकूण ५७ आणि किरकोळ. आपण ६० मीटर धरू.

कमी दाबाच्या लाइनसाठी पोल यांचं जुनं सूत्र अजूनही चांगलं काम करतं. ताशी प्रवाहाला ०.००७१ ने भागा, आलेल्या संख्येचा वर्ग करा, त्याला गॅसच्या सापेक्ष घनतेने आणि मीटरमधल्या लांबीने गुणा, आणि मिलिमीटरमधल्या आतल्या व्यासाच्या पाचव्या घाताने भागा. उत्तर मिलिबारमध्ये येतं. ४० ला ०.००७१ ने भागल्यावर ५,६३४, त्याचा वर्ग ३.१७ कोटी, गुणिले ०.६ गुणिले ६० म्हणजे ११४ कोटी. ५० एनबी (नाममात्र ५० मिलिमीटर व्यासाच्या) पाइपचा आतला व्यास ५२.५ धरला तर त्याचा पाचवा घात ३९.९ कोटी. दाबघट २.९ मिलिबार.

हेच बाकीच्या मापांना लावून बघा:

२५ एनबी – ८५ मिलिबार
३२ एनबी – २१.६ मिलिबार
४० एनबी – १० मिलिबार
५० एनबी – २.९ मिलिबार

२५ एनबीचा आकडा शब्दशः घेऊ नका, इतक्या मोठ्या घटीला हे सूत्र लागू पडत नाही. 'गॅस पोचणार नाही' एवढाच त्याचा अर्थ. पण यादीतली उडी बघण्यासारखी आहे. व्यास पाचव्या घातात असल्यामुळे एक माप खाली उतरलं की घट दुप्पट, तिप्पट, चौपट होते. बर्नरच्या गॅस ट्रेनचं तोंड सव्वा इंची आहे म्हणून मागची सगळी लाइन सव्वा इंची, असं सर्रास केलं जातं. सव्वा इंच म्हणजेच ३२ एनबी, आणि सुरुवातीची लॉकआउटची तक्रार बहुतेक वेळा इथे जन्माला येते. ट्रेनचं माप बर्नरवाल्याने पाऊण-एक मीटरच्या ट्रेनसाठी ठरवलेलं असतं, तुमच्या साठ मीटरसाठी नाही.

४० एनबी कागदावर पास होतो, अगदी काठावर. मी ५० घेईन. ४२ मीटरमध्ये दोन मापांच्या किमतीतला फरक हा एका दिवसाच्या बंद उत्पादनापुढे किरकोळ असतो. वेगही आटोक्यात राहतो: ५० एनबीमध्ये सेकंदाला पाच मीटरच्या आसपास, ४० मध्ये आठच्या वर. दोन-तीन वर्षांत दुसरा तेवढाच बॉयलर येणार असेल तर मात्र ५० सुद्धा पुरणार नाही. प्रवाह दुप्पट म्हणजे घट चौपट, साडेअकरा मिलिबार. मग मुख्य लाइन आत्ताच ६५ एनबीची टाका, तिथे घट पाचच्या आत राहते.

एमआरएसचा दाब याहून बराच जास्त, एक-दोन बार असेल तर हे सूत्र बाजूला ठेवा. तिथे निरपेक्ष दाबांच्या (गेजचा दाब अधिक हवेचा दाब) वर्गांतला फरक धरणारी सूत्रं लागतात, आणि ते गणित कंत्राटदाराकडून सहीनिशी मागा.

पाइप, सांधे, मार्ग

गॅस कंपनी सीमलेस पाइप सांगत असेल तर तोच. आयएस १२३९ चा चालत असेल तर सी क्लास, ज्यावर लाल पट्टा असतो. निळा पट्टा बी क्लासचा, पिवळा ए क्लासचा. माल उतरताना बघून घ्या. जमिनीखालून जायचं असेल तर आयएस १४८८५ चा पीई (पॉलिइथिलीन) पाइप उत्तम, पण तो जमिनीखालीच. उघड्यावर किंवा इमारतीच्या आत पीई चालत नाही. पीव्हीसीचा तर प्रश्नच नाही.

५० एनबी आणि पुढे वेल्डिंग करून घ्या, आट्यांचे सांधे फक्त उपकरणांपाशी ठेवा. जिथे आटे आहेत तिथे गॅससाठीचाच सीलंट वापरा. पाण्याच्या लाइनची सवय असलेला फिटर सफेदा लावून सुतळी गुंडाळायला जातो. पाण्यात ती सुतळी फुगून राहते. कोरड्या गॅसमध्ये वाळून आकसते आणि वर्षा-दोन वर्षांनी सांधा गळायला लागतो.

मार्ग शक्यतो इमारतीच्या बाहेरून, उघड्यावर, दिसेल असा. फॉल्स सीलिंगमधून, लिफ्टच्या डक्टमधून, इलेक्ट्रिक पॅनेलच्या खोलीतून नाही. केबल ट्रेपासून निदान ३०० मिलिमीटर लांब, आणि कंपनी जास्त मागत असेल तर तेवढं. भिंतीतून जाताना स्लीव्ह घाला, स्लीव्हच्या आत एकही सांधा नको. ५० एनबीला दर तीन मीटरला आधार. फ्लँजवर तांब्याची जंपर पट्टी, लाइनला अर्थिंग; पण दुसऱ्या कुठल्याही यंत्राची अर्थिंग या पाइपला जोडू देऊ नका. बर्नरजवळ पाइप खाली उतरतो तिथे एल्बोऐवजी टी लावून खालच्या तोंडाला बंद निपल ठेवा, कचरा तिथे साठतो.

बॉयलर रूमच्या बाहेर, दाराजवळ, हात पोचेल अशा उंचीवर एक पाव वळणाचा बॉल व्हॉल्व्ह हवाच. आग लागल्यावर गॅस बंद करायला कोणाला आत जावं लागता कामा नये. त्याच्यापुढे गॅस गळती ओळखणाऱ्या डिटेक्टरशी जोडलेला, विजेवर उघड-बंद होणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह.

डिटेक्टरबद्दल थोडं जास्त. नैसर्गिक गॅस हवेपेक्षा हलका, जवळपास ०.६ पट. एलपीजी हवेपेक्षा जड, दीड ते दोन पट. एलपीजीवरून पीएनजीवर आलेल्या बॉयलर रूममध्ये जुने डिटेक्टर जमिनीपासून वीतभर उंचीवर तसेच राहतात आणि गॅस पत्र्याखाली साठत जातो. डिटेक्टर छताजवळ, बर्नर आणि गॅस ट्रेनच्या वर हवेत. हवेत ५ ते १५ टक्के गॅस असताना स्फोट होऊ शकतो. अलार्म पहिल्या मर्यादेच्या २० टक्क्यांवर, म्हणजे हवेत १ टक्का गॅस असतानाच वाजायला हवा.

छताला सर्वात उंच जागी कायम उघडे लूव्हर ठेवा. खाली हवा आत यायची जागाही तितकीच गरजेची. एक घनमीटर गॅस जळायला जवळपास दहा घनमीटर हवा लागते, जादा हवा धरून अकरा. म्हणजे आपल्या बॉयलरला ताशी ४०० घनमीटर. पावसाळ्यात झड आत येते म्हणून लूव्हरवर ताडपत्री ठोकलेल्या खोल्या बघायला मिळतात. तिथे बर्नर काळा धूर आणि कार्बन मोनॉक्साइड करतो, आणि दोष ट्यूनिंगला दिला जातो.

आतून साफ

लाइन उभी राहिली की जोडायची घाई होते. पाइप कापताना आतल्या कडेला बर (धारदार कंगोरा) राहते, वेल्डिंगचे थेंब पडतात, आटे पाडताना तेल आणि कीस आत जातो. हे सगळं पहिल्याच दिवशी गॅसबरोबर सोलेनॉइड व्हॉल्व्हच्या सीटवर जाऊन बसतं, आणि तो व्हॉल्व्ह पुढे कधीच पूर्ण बंद होत नाही. म्हणून प्रत्येक तुकडा जोडण्याआधी रीमरने बर काढा, ठोकून झटका. पूर्ण लाइन झाल्यावर, गॅस ट्रेन न जोडता, कॉम्प्रेस्ड हवेने ती फुंकून काढा. उघडं तोंड मोकळ्या जागेकडे, समोर कोणी नाही अशा दिशेला, पाइप घट्ट बांधलेला. तोंडासमोर पांढरं फडकं लावलेली पाटी धरून ठेवण्याची सोय करा. फडक्यावर ठिपके येत आहेत तोवर फुंकत राहायचं. ऑक्सिजनचं सिलिंडर या कामाला कधीही लावू नका. आतल्या तेलाशी त्याची गाठ पडली की पेट घेतो.

दाबाची चाचणी

चाचणीचा दाब गॅस कंपनी सांगते, आणि तो कामाच्या दाबाच्या दीडपटीपेक्षा कमी नसतो. आपण एक बार धरू. हवा किंवा नायट्रोजन वापरा. आधी गॅस ट्रेन वेगळी करून तोंडाला ब्लाइंड फ्लँज लावा. ट्रेनवरचे अनेक मल्टिब्लॉक व्हॉल्व्ह ३६० किंवा ५०० मिलिबारसाठीच बनवलेले असतात. एक बार त्यांच्यात गेला की डायफ्रॅम फाटतो, आणि बाहेरून काही दिसत नाही. नुसता बॉल व्हॉल्व्ह बंद करून भागवू नका.

दाब हळूहळू चढवा, अर्ध्यावर थांबून सांधे बघा, पूर्ण दाबावर अर्धा तास स्थिर होऊ द्या आणि मग घड्याळ लावा. गेजबरोबर पाइपच्या पृष्ठभागाचं तापमानही लिहा. ते का, याचं गणित साधं आहे. बंद पाइपमधली हवा तीन अंशांनी तापली की निरपेक्ष दाब एक टक्क्याने वाढतो, म्हणजे एक बारच्या चाचणीत सुमारे २० मिलिबार. आपल्या ४२ मीटर लाइनमध्ये ९१ लिटर मावतात. सकाळचं ऊन पाइपवर येत असेल तर तेवढ्या वेळात १.८ लिटर हवा निसटली तरी गेजची सुई जागची हलणार नाही, आणि गळकी लाइन पास होईल. उलट संध्याकाळी चांगली लाइन नापास होते. पहाटे किंवा ढगाळ दिवशी चाचणी घ्या. एक बारच्या मोठ्या गेजवर पाच मिलिबार दिसत नाहीत, म्हणून नंतर १५० मिलिबारवर यू-ट्यूब मॅनोमीटर लावून दुसरी, बारीक चाचणी करा. साबणाचं पाणी प्रत्येक सांध्याला, गेजच्या टॅपिंगलासुद्धा. काडी पेटवून बघणारा कोणी असेल तर त्याला आवाराबाहेर काढा.

लाइनमध्ये गॅस भरणे

लाइनमध्ये हवा आहे, बाहेर गॅस आहे. दोघांची गाठ पडली तर मधल्या काळात पाइपच्या आत स्फोटक मिश्रण तयार होतं. म्हणून आधी नायट्रोजनने हवा ढकलायची, मग गॅसने नायट्रोजन. ९१ लिटरच्या लाइनला दीडपट, म्हणजे सुमारे १४० लिटर नायट्रोजन पुरतो, एका सिलिंडरच्या तुलनेत काहीच नाही. काढायचा गॅस व्हेंट पाइपने छताच्या वर, मोकळ्या हवेत. बॉयलरच्या भट्टीत तर कधीच सोडायचा नाही. 'बर्नर चालू करून हवा काढून टाकू' हा शॉर्टकट वाटतो, पण भट्टी आणि चिमणीत साठलेल्या मिश्रणाला पुढच्या प्रयत्नातली ठिणगी पुरते.

त्या वेळी आवारात वेल्डिंग आणि ग्राइंडर बंद, फोर्कलिफ्ट लांब, माणूस व्हेंटपाशी आणि माणूस व्हॉल्व्हपाशी. व्हेंटवरचं मोजमाप गॅसचे टक्के दाखवणाऱ्या यंत्राने करा, नाकाने नाही. गॅसला वास यावा म्हणून मिसळलेल्या मरकॅप्टनचा वास काही मिनिटांत नाकाला कळेनासा होतो. ९० टक्क्यांच्या वर गॅस दिसला की व्हेंट बंद, आणि तोंडाला प्लग.

ट्रेन जोडल्यावर तिचा क्रम एकदा बोट ठेवून वाचा: हातव्हॉल्व्ह, फिल्टर, रेग्युलेटर, कमी दाबाचा स्विच, दोन सोलेनॉइड, जास्त दाबाचा स्विच, बर्नर. दोन सोलेनॉइडच्या मध्ये गळती तपासणारी यंत्रणा युरोपीय मानक ईएन ६७६ प्रमाणे १,२०० किलोवॅटच्या वर सक्तीची आहे. आपला बर्नर ३५७ किलोवॅटचा, म्हणजे नियमाने सूट. तरी ती बसवून घ्या. रात्री बंद असलेल्या बॉयलरमध्ये गळका व्हॉल्व्ह भट्टी भरत राहतो, आणि ते सकाळी पेटवणाऱ्यालाच कळतं.

हाय फायरचा आकडा

बर्नर पेटला, वाफ झाली. आता वाफेचे सगळे व्हॉल्व्ह उघडून बॉयलर हाय फायरला न्या आणि त्याच लाइनवर आणखी काही, समजा ड्रायर, असेल तर तोही पूर्ण चालू करा. मॅनोमीटर ट्रेनच्या हातव्हॉल्व्हपाशी. बंद असताना १००, हाय फायरला ९० च्या वर असेल तर लाइन हिशेबाप्रमाणे आहे. ८० च्या खाली गेला तर पाइप, फिल्टर आणि एमआरएस या क्रमाने तिन्हीकडचे दाब त्याच वेळी, बर्नर चालू ठेवून मोजा. ज्या दोन बिंदूंमध्ये दाब हरवतोय, दोष तिथे.

मग मीटर. हाय फायरला पाच मिनिटांत किती गेला ते मोजा. मीटर दुरुस्त केलेले एससीएम दाखवत असेल तर ३ यायला हवेत. नुसते घनमीटर दाखवत असेल तर पुण्याच्या परिसरात आकडा किंचित मोठा दिसेल, ३.०५ च्या आसपास. समुद्रसपाटीपासून ५६० मीटरवर हवेचा दाब १,०१३ ऐवजी ९४८ मिलिबार असतो, त्यात १०० मिळवा आणि गॅस ३० अंशांचा धरा. मुंबईत त्याच बर्नरला २.९ च्या खाली दिसेल. हा फरक बर्नरचा नाही, हवेचा आहे.

हाय फायरचा दाब, पाच मिनिटांचा गॅस आणि चिमणीतला ऑक्सिजन हे तीन आकडे तारखेसह पत्र्याच्या पाटीवर रंगवून ट्रेनशेजारी टांगा. बॉयलर अटेंडंटने महिन्यातून एकदा हाय फायरचा दाब पुन्हा वाचायचा. पाटीपेक्षा पाच-सात मिलिबार खाली आला की आधी फिल्टर उघडायचा. फिल्टर स्वच्छ असूनही दाब कमीच असेल, तर आपल्याच लाइनवर कोणीतरी नवं उपकरण जोडलं आहे का ते शोधायचं. कँटीनची मोठी शेगडी बहुतेक वेळा तिथेच सापडते.